नुनावुटच्या तीनपैकी दोन बाळांमध्ये असलेला जनुकबदल: बालमृत्यू, जननदर आणि नैसर्गिक निवडीचं एक प्रकरण

कॅनडाच्या उत्तरेला नुनावुट नावाचा प्रदेश आहे. तिथे जन्मलेल्या बाळांच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे ठिपके तपासले तेव्हा जवळपास ६४ टक्के बाळांमध्ये सीपीटी१ए या जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडून आलेली, एक बापाकडून) बदललेल्या निघाल्या. हा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. आता मेडिकलच्या पुस्तकात हे जनुक बिघडलं तर काय होतं ते स्पष्ट लिहिलेलं असतं, बाळ जास्त वेळ उपाशी राहिलं की रक्तातली साखर झपकन उतरते, फिट येऊ शकते, लिव्हर वाढतं, वेळेत ग्लुकोज मिळालं नाही तर बाळ दगावू शकतं. जगभर हा आजार अतिशय दुर्मिळ मानला जातो. मग एका अख्ख्या प्रदेशात तीनपैकी दोन बाळांना हा आजार आहे असं म्हणायचं का? आणि बदल इतका वाईट असेल तर तो इतका पसरला कसा, नैसर्गिक निवडीने तो कधीच पुसून टाकायला नको होता का?

मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं कारण उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांबद्दल जननदर, मृत्यूदर, नैसर्गिक निवड असे शब्द एका दमात वापरून खूप लिहिलं गेलंय आणि त्यातलं बरंचसं आकड्यांवर थांबतं. इथे मात्र एक खरं जनुक आहे, त्यावर निवड झाल्याचा पुरावा आहे, आणि त्याच जनुकाचं नाव आजच्या बालमृत्यूशी जोडलं जातंय. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आल्यात, म्हणून त्या नीट वेगळ्या करून बघायला हव्यात, नाहीतर दोष भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो.

आधी जागा समजून घ्या. नुनावुट १ एप्रिल १९९९ ला वेगळा प्रदेश झाला. लोकसंख्या साधारण ४०,०००, त्यातले सुमारे ८५ टक्के इनुइट, म्हणजे आर्क्टिकचे मूळ रहिवासी. २५ वस्त्या, आणि एकाही वस्तीतून दुसरीकडे जायला रस्ता नाही, विमान नाहीतर उन्हाळ्यात बोट. मोठं हॉस्पिटल म्हणाल तर एकच, राजधानी इकालुइटमध्ये. बाकी वस्त्यांमध्ये नर्सेस चालवतात ती आरोग्य केंद्रं. बऱ्याच गरोदर बायकांना बाळंतपणासाठी आठवडे आधी विमानाने इकालुइट, येलोनाइफ, विनिपेग किंवा ओटावाला नेतात. टाचेच्या रक्ताचे ठिपकेसुद्धा नुनावुटमध्ये तपासले जात नाहीत, वेगवेगळ्या भागांतले नमुने दक्षिणेकडच्या वेगवेगळ्या प्रांतांच्या लॅबमध्ये जातात, म्हणजे एकाच प्रदेशातल्या दोन बाळांचे रिपोर्ट दोन वेगळ्या पद्धतींनी येऊ शकतात.

जनुक नक्की करतं काय

आपण जेवतो तेव्हा लिव्हर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. उपास पडला की आधी ते संपतं. मग शरीर चरबी जाळायला घेतं, आणि लिव्हरच्या पेशींमधल्या मायटोकाँड्रियात चरबीचे लांब रेणू आत सोडणारं जे दार आहे त्या दारावरचं एन्झाइम म्हणजे सीपीटी१ए. आत गेलेल्या चरबीपासून कीटोन बनतात, ते मेंदूला इंधन म्हणून चालतात, शिवाय या जळण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर लिव्हर नवी साखरही तयार करतं. मोठ्या माणसाचा ग्लायकोजेनचा साठा बराच वेळ पुरतो. तान्ह्या बाळाचं लिव्हर छोटं, मेंदू शरीराच्या मानाने मोठा, त्यामुळे त्याचा साठा लवकर संपतो.

आर्क्टिक व्हेरियंट म्हणतात त्या पी४७९एल बदलात या एन्झाइमच्या साखळीत ४७९ व्या जागी प्रोलीनऐवजी ल्युसीन येतं. त्याने दोन गोष्टी होतात आणि दोन्ही लक्षात ठेवायला हव्यात. एक, एन्झाइमचं काम बरंच कमी होतं, दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त उरतं. दोन, नेहमीच्या एन्झाइमला एक ब्रेक असतो, भात, पाव, साखर असं काही खाल्लं की शरीरात मॅलोनिल-कोए नावाचा रेणू वाढतो आणि तो हे दार बंद करतो, आता बाहेरून साखर येतेय तर चरबी जाळू नका असा त्याचा निरोप. बदललेल्या एन्झाइमवर हा ब्रेक नीट लागत नाही. म्हणजे दार पूर्ण उघडतही नाही आणि पूर्ण बंदही होत नाही, कायम थोडंसं उघडं राहतं.

क्लासिक आजारात हे एन्झाइम जवळजवळ शून्यावर येतं. इथे ते शून्य नाही. हा फरक छोटा नाही, पण सुरुवातीच्या बऱ्याच चर्चेत तो गाळला गेला आणि आजाराची सगळी भीती या व्हेरियंटला जशीच्या तशी चिकटली.

कुठे किती

त्याच २०१० च्या अभ्यासात तीन शेजारी प्रदेशांचे आकडे होते. दोन्ही प्रती बदललेली बाळं नुनावुटमध्ये ६४ टक्के, नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये ३ टक्के, युकॉनमध्ये १ टक्का. थंडी तर तिन्हीकडे कडाक्याची. फरक लोकांचा आहे आणि लोक काय खात आले त्याचा आहे. नुनावुटचे इनुइट समुद्राच्या काठचे, सील, वॉलरस, व्हेल, आर्क्टिक चार नावाचा मासा आणि सोबत कॅरिबू म्हणजे तिथलं रेनडिअर. युकॉनमधले फर्स्ट नेशन्स, म्हणजे इनुइटांहून वेगळे मूळ रहिवासी, बहुतांशी आतल्या जंगलातले, मूस नावाचं मोठं हरीण, कॅरिबू, गोड्या पाण्यातले मासे, बेरीज. ग्रीनलंडच्या इनुइटांमध्ये या बदललेल्या प्रतीचं प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे आहे. अलास्कात मूळ रहिवासी बाळांपैकी साधारण २८ टक्क्यांत दोन्ही प्रती बदललेल्या, पण उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या युपिक आणि इन्युपियाक वस्त्यांमध्ये निम्म्याहून जास्त. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्हँकुव्हर बेटाच्या किनाऱ्यावरच्या फर्स्ट नेशन्समध्ये बऱ्यापैकी आणि आतल्या भागात कमी. आणि बेरिंगच्या सामुद्रधुनीपलीकडे ईशान्य सायबेरियात चुकची, कोर्याक, एस्किमो या लोकांत पुन्हा खूप. या पट्ट्याबाहेर जगात तो जवळपास सापडतच नाही.

नकाशावर बघितलं तर हा अक्षांशाचा पट्टा नाही, समुद्रकिनाऱ्याचा आहे. थंडीपेक्षा समुद्री प्राण्यांच्या चरबीवर जगणं हे कारण जास्त पटतं ते यामुळे.

२०१४ मध्ये सायबेरियातल्या लोकांच्या पूर्ण जीनोमवर, म्हणजे सगळ्या डीएनएवर, काम करणाऱ्या गटाने दाखवलं की या जनुकाभोवतीचा डीएनएचा लांबलचक तुकडा सगळ्यांमध्ये एकसारखा आहे. एखादा बदल नुसत्या योगायोगाने हळूहळू पसरला तर पिढ्यानपिढ्यांच्या अदलाबदलीत आजूबाजूचा तुकडा तुटत जातो. तो न तुटता आलाय म्हणजे बदल वेगाने वर चढला, म्हणजे ज्यांच्याकडे तो होता त्यांची मुलं जास्त संख्येने जगली. सहा हजार ते तेवीस हजार वर्षांपूर्वीच्या काळात कधीतरी ही चढण सुरू झाली असा त्यांचा अंदाज होता, आणि माणसात आतापर्यंत दिसलेल्या सगळ्यात जोरदार निवडींपैकी ही एक आहे असं त्यांनी मांडलं.

इथे शंका काढायला जागा आहे आणि काढलीच पाहिजे. आजच्या इनुइटांचे पूर्वज, ज्यांना थुले म्हणतात, ते साधारण आठशे ते हजार वर्षांपूर्वी अलास्काकडून पूर्वेला सरकत ग्रीनलंडपर्यंत गेले, आणि गेले ते छोट्या छोट्या गटांनी. छोट्या गटात एखादा बदल निव्वळ योगायोगानेही वाढतो. पण समुद्राच्या दोन्ही बाजूंना, सायबेरियात, अलास्कात, ग्रीनलंडमध्ये, शिवाय भाषेने आणि वंशाने वेगळ्या असलेल्या व्हँकुव्हर बेटाच्या लोकांमध्ये तोच बदल इतका वर असणं एकट्या योगायोगाला झेपण्यासारखं नाही. माझं मत निवडीच्या बाजूने आहे, योगायोगाने त्यात थोडी भर घातली असेल एवढंच.

फायदा काय झाला असेल? १९०८ मध्ये डॅनिश शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग आणि मारी क्रोग हे नवरा-बायको ग्रीनलंडला जाऊन इनुइटांचा आहार आणि चयापचय मोजून आले, मांसाहार प्रचंड, पिष्ट पदार्थ नावाला. १९२८ मध्ये पीटर हाइनबेकर यांनी आताच्या नुनावुटमधल्या बॅफिन बेटावरच्या इनुइटांची मोजमापं छापली आणि त्यांना आश्चर्य वाटलं ते हे की चरबी इतकी खाऊनही आणि उपास घडवूनही यांच्या लघवीत कीटोन अपेक्षेपेक्षा खूप कमी. जनुकाचं नावही तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, पण आज वाचताना ते निरीक्षण या व्हेरियंटशी जुळतं. एक अंदाज असा की चरबीच मुख्य अन्न असेल तर लिव्हरने सगळी चरबी आत ओढून कीटोनचा पूर आणण्यापेक्षा हळूहळू, न थांबता जाळत राहणं बरं पडतं, आणि उरलेली चरबी स्नायू आणि हृदय वापरतात, त्यांचं दार वेगळ्या जनुकाचं असतं, त्याला धक्का लागलेला नसतो. शिवाय प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की मासे आणि समुद्री प्राण्यांच्या चरबीतली ओमेगा-३ आम्लं या एन्झाइमचं काम वाढवतात. म्हणजे जुन्या आहारात एन्झाइमची कमतरता बऱ्याच अंशी भरून निघत असावी. अलास्काच्या युपिक लोकांत हा व्हेरियंट असलेल्यांची अंगावरची चरबी कमी आणि एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल जास्त असंही आढळलंय. हे सगळं मिळून चित्र तयार होतं, पण नक्की कोणत्या फायद्याने मुलं वाचली याचं शेवटचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

आणि मग बाळं दगावल्याचे आकडे

अलास्कात २००३ च्या सुमारास नवजात तपासणीत नवी मशिनं आली आणि एकदम या व्हेरियंटची बाळं दिसायला लागली. २०१० मध्ये तिथल्या संशोधकांनी छापलं की दोन्ही प्रती बदललेल्या मूळ रहिवासी बाळांमध्ये पहिल्या वर्षातल्या मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. ब्रिटिश कोलंबियातही अचानक दगावलेल्या फर्स्ट नेशन्स बाळांचे जपून ठेवलेले रक्ताचे ठिपके तपासल्यावर तसाच कल दिसला. निरीक्षणाखाली मोजक्या मुलांना उपाशी ठेवून तपासलं तेव्हा त्यांच्यात कीटोन नीट वाढत नाहीत हेही दिसलं. नुनावुटमध्ये २०२१ च्या अभ्यासात या मुलांना छातीचे आणि कानाचे इन्फेक्शन जास्त होतात असं आलं.

इथून पुढे माणसं घाईने निष्कर्षावर जातात, की इनुइट बाळं जास्त दगावतात कारण त्यांचं जनुक वाईट. यावर मला जरा थांबून बोलायचंय.

१९५८ मध्ये जेम्स क्रो नावाच्या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने एक सोपा हिशोब दिला. एखाद्या लोकसमूहात नैसर्गिक निवडीला जास्तीत जास्त किती वाव आहे ते मृत्यू आणि मुलांच्या संख्येतल्या फरकावरून काढायचं. जन्मलेल्यांपैकी मोठं होण्याआधी किती दगावले भागिले किती जगले, हा मृत्यूचा भाग. मुलांच्या संख्येतलं विचरण, म्हणजे ती संख्या बाईगणिक किती कमीजास्त होते त्याचा आकडा, भागिले सरासरीचा वर्ग, हा जननाचा भाग, आणि तो पुन्हा जगणाऱ्यांच्या प्रमाणाने भागायचा. धरून चालू की १,००० पैकी २०० मुलं दगावतात, मृत्यूचा भाग झाला २०० भागिले ८००, म्हणजे ०.२५. तेच १,००० पैकी २० दगावत असतील तर ०.०२. दुसरीकडे बायकांना सरासरी ६ मुलं आणि विचरण ९ असेल तर ९ भागिले ३६, ०.२५. सरासरी ३ वर आली आणि विचरण ३ झालं तर ३ भागिले ९, ०.३३, म्हणजे मुलं कमी होऊनही हा भाग वाढला. बालमृत्यू खाली येतो तसा निवडीचा वाव मरणाकडून जन्माकडे सरकतो असं जे म्हणतात ते या हिशोबातून.

१९६० आणि ७० च्या दशकात आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र कार्यक्रमाखाली कॅनडाच्या इग्लूलिकला, अलास्काच्या वेनराइटला, ग्रीनलंडच्या उपेर्नाविकला संशोधक गेले, बायकांना किती बाळंतपणं झाली, किती मुलं गेली याच्या याद्या केल्या. असे आकडे या हिशोबासाठी चोख कच्चा माल असतात. पण क्रोने स्वतः याला वाव म्हटलं होतं, निवड म्हटलं नव्हतं. वरची मर्यादा म्हणजे ती. माणूस जनुकामुळे मेला की दुसऱ्या कशाने, हे त्या सूत्राला कळत नाही. आणि उत्तरेत माणसं कशाने मेली ते बघा.

नोव्हेंबर १९१८, अलास्काचं ब्रेविग मिशन. स्पॅनिश फ्लू आला आणि काही दिवसांत ८० पैकी ७२ माणसं गेली. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर लॅब्राडॉरच्या ओकाकमध्ये २६३ पैकी २०४. ओकाकसारखी वस्तीच बंद पडली. आजारी आई-बापांची चूल विझली, पाणी आणायला कुणी उठू शकलं नाही, बाळं थंडीने आणि भुकेने गेली. क्रोच्या सूत्रात घातलं तर ओकाकचा मृत्यूचा भाग येतो २०४ भागिले ५९, साडेतीनच्या आसपास, अवाढव्य. पण तिथे जे वाचले ते कोणत्या जनुकामुळे वाचले असं म्हणायला काडीचा आधार नाही. कोणत्या गावात आजार घेऊन जहाज लागलं आणि कोणत्या गावात नाही यावर सगळं ठरलं.

मग टीबी. १९५० पासून सी. डी. हाऊ नावाचं जहाज एक्सरे मशिन घेऊन कॅनडाच्या पूर्व आर्क्टिकमध्ये फिरायचं, आणि ज्यांच्या छातीत डाग निघाला त्यांना तिथूनच दक्षिणेला सॅनेटोरियममध्ये नेलं जायचं, कधी कधी घरच्यांचा निरोपही न घेता. १९५६ च्या सुमारास दर सात इनुइटांपैकी एक जण दक्षिणेत उपचार घेत होता. आया वर्षानुवर्षं मुलांपासून लांब, काही कधीच परतल्या नाहीत, आणि त्यांना कुठे पुरलं हे घरच्यांना दशकं कळलं नाही. मार्च २०१९ मध्ये पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी इकालुइटमध्ये याबद्दल माफी मागितली. ज्या काळात कॅनडातल्या इनुइटांचा अर्भकमृत्यू दर हजारी २०० च्या घरात होता, तो हा काळ. तान्ह्याचं दूध तुटणं, बाप शिकारीला नसणं, गर्दीचं घर, खोकणारी आजी, यांचा त्या २०० मध्ये किती वाटा होता याचा विचार न करता त्याला निवडीचा वाव म्हणून मांडणं मला पटत नाही.

जननाच्या भागाचंही तेच. ग्रीनलंडमध्ये १९६६ पासून डॅनिश डॉक्टरांनी बायकांना आणि मुलींना गर्भाशयात गर्भनिरोधक लूप बसवायला सुरुवात केली, १९७० पर्यंत साधारण ४,५०० जणींना, म्हणजे मूल होण्याच्या वयातल्या जवळपास निम्म्या बायकांना. कितीतरी जणींना विचारलंच नव्हतं, काही तर तेरा-चौदा वर्षांच्या शाळकरी मुली होत्या. काही वर्षांत जन्मांची संख्या निम्म्यावर आली. कुणाला मुलं झाली आणि कुणाला झाली नाहीत यातला फरक त्या पिढीत सरकारी दवाखान्याने ठरवला. २०२५ मध्ये डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिकसन यांनी त्यासाठी माफी मागितली. त्या पिढीचा जननाचा आकडा घेऊन कुणी निवडीचा हिशोब मांडणार असेल तर त्याने आधी या बायकांची गोष्ट ऐकावी असं मला मनापासून वाटतं. ज्यांना त्यानंतर मूल झालंच नाही त्या आज म्हाताऱ्या झाल्यात आणि त्यांच्यासाठी हे विचरण वगैरे काही नाही.

मग सीपीटी१ए वेगळं कसं

वेगळं असं की इथे वाव नाही, प्रत्यक्ष निवडीची खूण आहे, डीएनएमध्ये. पण ती खूण हजारो वर्षांपूर्वीच्या परिस्थितीची. जो बदल हजारो वर्षं मुलं जगवत आला तोच आज मुलांना धोक्यात घालत असेल तर बदललंय ते जनुक नाही, आजूबाजूचं जगणं बदललंय.

जुन्या पद्धतीत इनुइट बाळ दोन-तीन वर्षं अंगावर पीत असे. अमाउटी म्हणजे आईचा तो मोठ्या टोपीचा पार्का, त्यात बाळ आईच्या पाठीला उघड्या अंगाने चिकटलेलं, कुरकुर केली की पुढे घेऊन पाजायचं, रात्रीसुद्धा आईजवळच. अशा बाळाला आठ-दहा तास उपास घडायची वेळ क्वचितच यायची. वरचं अन्न सुरू झालं की ते आईने चावून दिलेलं मांस आणि चरबी. साखर जवळजवळ नाहीच, त्यामुळे मॅलोनिल-कोएचा ब्रेक हा प्रश्नच कमी. या बाळाचं कायम थोडं उघडं असलेलं दार त्याला पुरत असणार, असा अंदाज बांधता येतो आणि मला तो बळकट वाटतो.

आज तेच बाळ बाटलीवर असू शकतं, पावडरीचा डबा दुकानात महाग. २००७-०८ च्या पाहणीत नुनावुटमधली जवळपास ७० टक्के इनुइट लहान मुलं अशा घरांत होती जिथे पुरेशा अन्नाची खात्री नव्हती. घरात माणसं दाटीवाटीने, घरं बांधायला साहित्य जहाजाने उन्हाळ्यातच येतं, वेटिंग लिस्ट वर्षांची. बॅफिन बेटावर आरएसव्हीसारख्या विषाणूंनी तान्ह्यांना छातीचा आजार होऊन हॉस्पिटलमध्ये दाखल व्हायचं प्रमाण जगातल्या सगळ्यात वरच्यांपैकी. आता साखळी जोडा, बाळाला सर्दी-खोकला झाला, नाक चोंदलं, दूध ओढेना, रात्रभर प्यायलं नाही, ताप आहे म्हणजे ऊर्जा जास्त लागतेय, ग्लायकोजेन पहाटेपर्यंत संपलं, आणि इथे अर्धवट उघडं दार कमी पडतं. साखर उतरते, कीटोन वाढत नाहीत, बाळ मलूल होतं. बाहेर वादळ आहे, विमान उडत नाही.

या साखळीत जनुक एक कडी आहे. तीसुद्धा मधली.

शिवाय आकड्यांतही गुंता आहे. अलास्कात व्हेरियंट जिथे सगळ्यात जास्त, तिथेच नळाचं पाणी नसलेली घरं जास्त, हॉस्पिटल सगळ्यात लांब, तंबाखू जास्त. मग जास्त मृत्यू जनुकाने की त्या गावाने? संशोधकांनी गणिताने हे वेगळं करायचा प्रयत्न केला, पण इतक्या घट्ट चिकटलेल्या गोष्टी पूर्ण सुटत नाहीत. नुनावुटमध्ये १९९९ ते २०११ मधल्या अर्भकमृत्यूंची कारणं तपासली तेव्हा जवळपास निम्मे झोपेतल्या अचानक मृत्यूचे होते, साधारण पाचवा हिस्सा इन्फेक्शनचे. झोपेतल्या मृत्यूंत पालथं झोपवणं, एका अंथरुणात गर्दीने झोपणं हे धोके पुन्हा पुन्हा आले. एका अंथरुणात गर्दी का, तर खोली एकच.

तपासणी करायची की नाही

या प्रकरणातला खरा पेच इथे आहे. तपासणी केली तर तीनपैकी दोन घरांना फोन जाणार की तुमच्या बाळात दोष निघालाय. आई घाबरणार, आणि आधीच जिच्या आजीला टीबीच्या जहाजाने नेलं, तिला पुन्हा दक्षिणेच्या लॅबमधून निरोप की तुमच्या रक्तातच काहीतरी आहे. तपासणी केली नाही तर उद्या एखादं बाळ साखर उतरून दगावल्यावर आधी का नाही सांगितलं हा प्रश्न बरोबरच असेल.

डॉक्टर आणि नर्सेसनी यातून काढलेला रस्ता मला शहाणपणाचा वाटतो. बाळाचा रिपोर्ट काहीही असो, सगळ्यांसाठी एकच साधा सल्ला, तान्ह्याला वेळेवर पाजत रहा, रात्रीचा फार मोठा खंड पडू देऊ नका, आजारी बाळ पीत नसेल किंवा उलट्या करत असेल तर वाट न बघता आरोग्य केंद्रात आणा. केंद्रात आल्यावर नर्सने साखर तपासायची, आणि ऑपरेशनसाठी उपाशी ठेवायचं असेल तर सलाइनमधून ग्लुकोज चालू ठेवायचं. हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण दाताच्या ऑपरेशनसाठी भूल द्यायची म्हणून लहान मुलांना मध्यरात्रीपासून उपाशी ठेवून विमानाने आणणं तिथे नेहमीचं, आणि तिथे धोका आपणच तयार करतो. या सल्ल्यात कुणाला रोगी ठरवावं लागत नाही. आजारी म्हणून शिक्का नाही आणि काळजीही सुटत नाही.

विश्वासाचा मुद्दा वेगळा काढून सांगतो. व्हँकुव्हर बेटावरच्या नू-चा-नुल्थ लोकांनी १९८० च्या दशकात संधिवाताच्या अभ्यासासाठी ८८३ जणांचं रक्त दिलं. त्यांच्या लोकांत हा आजार खूप, त्यांना उत्तर हवं होतं. उत्तर मिळालं नाही, आणि तेच नमुने त्यांना न विचारता पूर्वज कुठून आले यासारख्या भलत्या संशोधनात वापरले गेले. बऱ्याच वर्षांनी ते परत करावे लागले. त्यातूनच डीएनए उसना घेतलाय, मालकी देणाऱ्याची, अशी भूमिका कॅनडात पुढे आली. आणि याच किनाऱ्यावर सीपीटी१ए चा व्हेरियंट आहे. तेव्हा इथे कुणी रक्त द्यायला कचरत असेल तर तो अडाणीपणा नाही, त्यांनी अनुभवातून काढलेला निष्कर्ष आहे. इकालुइटमधलं काउजिगियार्तिट हे संशोधन केंद्र इनुइटांनी स्वतः प्रश्न ठरवावेत म्हणून चालवलं जातं, आणि २०२१ च्या अभ्यासात त्यांचा सहभाग होता ही बरी गोष्ट.

गडचिरोली-नंदुरबारमधला सिकलसेल ज्यांनी जवळून बघितलाय त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल, मलेरियाच्या प्रदेशात एक प्रत असण्याने वाचवणारं जनुक, आणि आज लग्न जुळवताना मुलीच्या सिकलसेल तपासणी कार्डाचा रंग बघणारे लोक. फरक एवढाच की सिकलसेलमध्ये दोन प्रती म्हणजे स्पष्ट, वेदनादायक आजार, आणि आर्क्टिक व्हेरियंटमध्ये दोन प्रती असलेली बहुतेक मुलं काहीही न होता मोठी होतात. म्हणून तिथला शिक्का इथे वापरता येत नाही.

आज निवड चालू आहे का? हिशोबाने बघा. नुनावुटमध्ये वर्षाला साधारण ८५० जन्म. अर्भकमृत्यूदर कॅनडाच्या सरासरीच्या तीन-चार पट, म्हणजे हजारी २० च्या आसपास धरला तर वर्षाला १७ बाळं. व्हेरियंटमुळे त्यातल्या काहींचा जीव गेला असं मानलं तरी पिढीला जनुकाचं प्रमाण हलेल ते अगदी थोडं, आणि दुसऱ्या बाजूला किती मुलं होतात यातला फरक आज शिक्षण, घर, नोकरी, गर्भनिरोधकं यांवर ठरतो. तेव्हा उत्क्रांतीच्या दृष्टीने हा आकडा छोटा आहे. त्या १७ घरांच्या दृष्टीने नाही.

जनुकाचा वाटा खरंच किती हे कळायचं असेल तर माझ्या मते एकच चांगला मार्ग आहे, भावंडांची तुलना. एकाच आईची, एकाच घरात वाढलेली दोन मुलं, एकाकडे दोन्ही बदललेल्या प्रती, दुसऱ्याकडे एक. घर, गाव, पाणी, दवाखान्याचं अंतर सगळं सारखं, फक्त जनुक वेगळं. पण नुनावुट एकट्याला हे जमणार नाही, आई आणि बाप दोघांकडेही दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर सगळी भावंडं सारखीच निघणार, आणि दहा वर्षांचे मिळून १७० मृत्यू, त्यातून अशा जोड्या हाताच्या बोटांवर. ग्रीनलंड, नुनावुट, अलास्का आणि व्हँकुव्हर बेट यांनी नोंदी एकत्र केल्या, लोकांच्या परवानगीने आणि नमुन्यांची मालकी त्यांच्याकडे ठेवून, तरच हे होईल. तोवर नर्सच्या टेबलावर साखर तपासायची पट्टी आणि डेक्स्ट्रोजची बाटली असणं, आणि पावडरीचा डबा परवडेल अशा किमतीत मिळणं, या गोष्टींसाठी त्या उत्तराची वाट बघायची गरज नाही.